सावरदऱ्याची भेग

पिंपळनेरहून पश्चिमेकडे निघालेला रस्ता सावरदऱ्याला पोचतो तेव्हा डोंगराला अगदी खेटून जातो. रस्त्याच्या वरच्या अंगाला तेरा घरं, आणि ओढ्यापलीकडच्या टेकाडावर बाकीचं गाव आणि शाळा. दोन वर्षांपूर्वी रस्ता रुंद करताना डोंगराचा पायथा कापला. तेव्हापासून दर पावसाळ्यात थोडी माती आणि चार-दोन दगड रस्त्यावर येऊन पडत. गावाला त्याचं काही वाटत नसे. दगड बाजूला सरकवायचे, की कांद्याच्या पिकअप गाड्या पुन्हा मार्केटच्या वाटेला लागत.

अशा गावात ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात रुची बोथरा स्कुटीवरून आली. ती मूळची अमळनेरची. वडील सोहनलालजी यांचं तिथे कापडाचं दुकान. मुलीने भूगर्भशास्त्र शिकून नेमकं काय मिळवलं हे त्यांना चांगलं कळलं होतं, पण कळलं नसल्यासारखं दाखवायची त्यांना हौस होती. गिऱ्हाइकाने विचारलं की ते सांगत, आमची रुची डोंगराचा पंचनामा करते, तोही डोंगर पडायच्या आधी.

सांगणं खोटं नव्हतं. पुण्याच्या एका संस्थेने धुळे आणि जळगाव जिल्ह्यांतल्या चौदा जागा तिच्या हवाली केल्या होत्या. प्रत्येक ठिकाणी दोन गोष्टी शोधायच्या. दरड कोसळण्याची शक्यता किती, आणि कोसळलीच तर काय काय जाईल. यावलकडच्या सातपुड्यातल्या पाच जागा तिने उरकल्या होत्या. सावरदरा ही सहावी.

ग्रामपंचायतीने तिच्या सोबतीला झुलाल नानांना दिलं. नाना सदुसष्ट वर्षांचे. रस्त्याच्या गँगवर मुकादम म्हणून एकतीस वर्षं काढून निवृत्त झालेले, आणि ती एकतीसही वर्षं याच घाटात. या डोंगराचा कोणता दगड कोणत्या साली पडला हे त्यांना तोंडपाठ. त्यांनी रुचीचा नकाशा दोन्ही हातांत धरला, उलटा केला, सुलटा केला, आणि अत्यंत गंभीर चेहऱ्याने विचारलं,

"ताई, तुना कागदवर डोंगर उभा शे का आडवा?"

रुचीला अहिराणी कळत होती. दुकानात बसून तिचं बालपण गेलं होतं. तिने तेवढ्याच गंभीरपणे सांगितलं की कागदावर तो झोपलाय, उठला की कळवीन. नानांनी नकाशा घडी करून परत दिला. त्या दिवसापासून दोघांचं जमलं.

पहिला आठवडा चढण्या-उतरण्यात गेला. रुची उताराचा कोन मोजायची, माती हातात घेऊन चुरायची, मोबाइलवर जागा टिपायची. नाना तिला कललेली झाडं दाखवायचे. हा साग पाच वर्षांपूर्वी सरळ होता, ती बाभूळ आता ओढ्याकडे वाकून बघते. त्यांच्या बोलण्यातली निम्मी माहिती तिच्या यंत्रांत मावणारी नव्हती, म्हणून ती वहीत लिहून घेई. वहीकडे बघून नाना समाधानाने बिडी पेटवत.

सगळ्यात वरचं घर झुंबरबाईचं. साठी उलटलेली, एकटी राहणारी, बोलायला मोकळी बाई. तिच्या घरामागे पन्नास-साठ फुटांवर गवतात एक भेग होती. रुंदी मनगटाएवढी, लांबी जवळजवळ चाळीस पावलं, आणि आकार चंद्रकोरीसारखा, टोकं खाली वळलेली. रुचीने ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालून बघितली. मग तिने भेगेच्या दोन्ही बाजूंना लाकडी खुंट्यांच्या सहा जोड्या ठोकल्या. जोडीतलं अंतर रोज सकाळी टेपने मोजायचं. अंतर वाढलं तर डोंगर सरकतोय. हे काम तिने नानांवर सोपवलं, आणि नानांनी ते असं स्वीकारलं की जणू निवृत्तीनंतर पुन्हा हुकूम निघाला.

कामाचा दुसरा भाग जास्त अवघड निघाला. छापील तक्ता घेऊन रुची घरोघर गेली. घर किती खणांचं, जनावरं किती, झाडं किती, वर्षाचं उत्पन्न काय. तेरा घरांपैकी निम्म्यांना वाटलं ही नवी करवसुली, त्यांनी दावणीची म्हैससुद्धा मेव्हण्याची आहे म्हणून सांगितलं. उरलेल्यांना वाटलं ही नुकसानभरपाई, त्यामुळे एका घरात सात आंब्याची झाडं लिहिली गेली, जी रुचीला कुठे दिसली नाहीत. ती लावायची आहेत, असं तिला समजावून सांगण्यात आलं. झुंबरबाईने मात्र तक्त्याकडे बघितलंही नाही.

"घर काय, पडी गये ते पडी गये," ती म्हणाली. "बकरी गाभन शे. ती पहिले लिखी ले."

रुचीने लिहिली.

खरा आकडा घरांचा नव्हताच. रस्ता बंद झाला तर दूध, भाजी, शाळेची पोरं, दवाखान्यात जाणारी माणसं, सगळ्यांना अडतीस किलोमीटरचा वळसा. तो हिशेब मांडल्यावर रुचीच्या लक्षात आलं की तेरा घरांच्या भिंतींपेक्षा आठवडाभर बंद पडलेला रस्ता महाग आहे. हे तिने नानांना सांगितलं तेव्हा त्यांनी मान डोलावली. एकतीस वर्षं आपण नेमक्या कशाची राखण केली हे आज कुणीतरी सांगितलं, असं ते म्हणाले, आणि त्यात चेष्टा किती आणि खरं किती हे तिला कळलं नाही.

महिनाअखेरीस ती चार दिवस अमळनेरला गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी नानांचा फोन आला. पाच जोड्या जशा होत्या तशा. तिसऱ्या जोडीत मात्र काल एक्केचाळीस सेंटिमीटर अंतर होतं, आज शहात्तर. नानांनी आकडा दोनदा सांगितला, आवाज एकदाही न हलवता.

पस्तीस सेंटिमीटर एका दिवसात. रुचीच्या हातातला चहा तसाच राहिला. तिने साक्रीला मंडळ अधिकारी शालिग्राम यांना फोन लावला, संस्थेला कळवलं, आणि स्वतः निघाली. ती पोचेपर्यंत दुपार झाली होती आणि गावात तीन सरकारी गाड्या उभ्या होत्या. तेरा घरांतली माणसं, गोधड्या, भांडी, कोंबड्या, सगळं शाळेत हलवलं गेलं. शालिग्राम साहेब हाताने माणसं मोजत होते आणि प्रत्येक वेळी एक कमी भरत होता, कारण ते स्वतःला धरत नव्हते. मुक्काम शाळेत झाला. खिचडी सरकारी, त्यामुळे ती कशी झालीय यावर सगळ्या गावाला मत होतं.

डोंगर काही पडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुची आणि नाना वर गेले. तिसऱ्या जोडीची खालची खुंटी भलत्याच जागी होती. तिच्याभोवतीचं गवत गोल चरलेलं होतं आणि सभोवार लेंड्या पडल्या होत्या. रुची खाली वाकून बघत राहिली. नाना आकाशाकडे बघत राहिले.

झुंबरबाईने काहीच लपवलं नाही. खुंटी रिकामी दिसली म्हणून तिने बकरी बांधली होती. बकरीने हिसका दिला, खुंटी निघाली, तेव्हा तिने ती जरा बाजूला, पण आधीपेक्षा चांगली ठोकून दिली. तेवढ्यावरून एवढी माणसं कशाला आली, हे तिला अजून कळलेलं नव्हतं.

पुढचे पंधरा दिवस रुचीला गावात शिरणं कठीण झालं. कोणी विचारी, मॅडम, आज बकरी किती सरकली. पोरं तिच्या स्कुटीमागे बें-बें करत धावत. शालिग्राम साहेबांनी फोनवर एक शब्दही वावगा काढला नाही, फक्त यापुढे अहवालात जनावरांचाही रकाना ठेवावा असं सुचवलं. अमळनेरला सोहनलालजींच्या कानावर ही हकिगत कशी गेली कोण जाणे. त्यांनी विचारलं की बकरीचा अंदाज पुण्याला पाठवला की इथेच ठेवला.

नाना यातून साफ सुटले. मी फक्त आकडा सांगितला, अर्थ तू लावलास, असं त्यांचं म्हणणं. पण त्यांनी स्वतः सगळ्या खुंट्या काढून पिवळ्या रंगवल्या, हातभर खोल ठोकल्या, आणि भेगेभोवती काट्यांचं कुंपण घातलं. त्यांनाही ते लागलं असावं.

सप्टेंबर उजाडला. दहा दिवस पावसाचा थेंब नव्हता. तरी झुंबरबाईच्या परसात, भेगेच्या खाली, जमीन ओलीच. पाय दिला की पाणी वर यायचं. रुचीने नानांना विचारलं. नाना म्हणाले, डोंगराचा जुना झरा आहे. झुंबरबाई शेजारीच धुणं वाळत घालत होती. ती म्हणाली की आपण इथे चाळीस वर्षं नांदतोय आणि हा जुना झरा गेल्या वर्षी जन्मला. नानांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं.

रुचीने पिंपळनेरच्या भाड्याच्या खोलीवर जाऊन मोबाइलवर उपग्रहाचं चित्र उघडलं. भेगेच्या वर, डोंगराच्या सपाट टप्प्यावर, एक निळा चौकोन दिसत होता, आगपेटीएवढा. दोन वर्षांपूर्वीच्या चित्रात तो नव्हता. मग तिने वही काढली आणि आपण कुठे कुठे फिरलो ते बघितलं. डोंगराची प्रत्येक पायवाट, प्रत्येक घळ तिथे होती. त्या टप्प्याचं नाव मात्र कुठेच नव्हतं. नाना तिकडे न्यायचे टाळत होते. कधी वाट निसरडी असायची, कधी गवतात साप, कधी नानांचा गुडघा.

दुसऱ्या दिवशी ती सरळ बोलली. "नाना, सगळा डोंगर पाहून झाला. तुमचं शेत तेवढं राहिलं."

नानांनी हातातली बिडी परत खिशात ठेवली. मग ते पुढे होऊन वाट चालू लागले. वाट चांगली रुंद होती, साप नव्हता आणि गुडघाही ठीक होता.

वर वीस मीटर लांब, तेवढंच रुंद शेततळं होतं. त्यांच्या मुलाने, प्रेमराजने, दीड वर्षापूर्वी खोदून घेतलेलं. पावसाळ्यात भरून ठेवायचं आणि त्यावर उन्हाळी कांदा काढायचा. तळाला निळा प्लास्टिकचा कागद अंथरलेला. पाणी काठापासून दीड हात खाली गेलं होतं, आणि कागदावर ओल्या रेघांच्या पट्ट्या एकाखाली एक दिसत होत्या. एका कोपऱ्यात दोन ठिगळं होती.

"कागद फाटेल शे," नाना म्हणाले. "माले माहीत शे."

उंदरांनी कुरतडला होता. ठिगळ लावलं, ते सुटलं, दुसरं लावलं. नवा कागद घ्यायला पुढचा कांदा निघायला हवा होता. पाणी थोडं झिरपतं, पण ते जमिनीत कुठेही जात असेल, खाली झुंबरबाईकडेच कशावरून. इथपर्यंत बोलून नाना थांबले. एकतीस वर्षं डोंगर वाचलेल्या माणसाला आपलं हे वाक्य स्वतःच्याच कानाला बरं वाटलं नसावं. पण मागे घ्यायलाही ते तयार नव्हते. ते म्हणाले, पाणी माझंच आहे हे सिद्ध कर.

रुची चिडली नाही. तिने पुण्याहून रंगाची पुडी मागवली. झऱ्यांचा माग काढायला वापरतात तो हिरवा रंग, माणसा-जनावराला अपाय न करणारा. नानांनी ती पुडी स्वतःच्या हाताने तळ्यात सोडली. तळं पोपटी झालं. नाना म्हणाले, आता बघू.

दोन दिवस काही घडलं नाही. नाना खुशीत होते. रुचीला ते रस्त्यात थांबवून विचारत की तुझा पोपट कुठपर्यंत पोचला. तिसऱ्या दिवशी सकाळी झुंबरबाई बकरीला दोरीने ओढत शाळेसमोर उभ्या असलेल्या रुची आणि नानांकडे आली. बकरीची दाढी हिरवीगार होती. परसातल्या डबक्यात तोंड घातल्यावर असं झालं, आता हिला कोणता रोग झालाय ते सांगा, असा तिचा आग्रह होता. शाळेची पोरं बाहेर आली, मास्तर बाहेर आले. रुचीला हसू आवरेना. तिने वळून नानांकडे बघितलं आणि तिचं हसू थांबलं.

नाना हसत नव्हते. ते बकरीकडे बघत होते, मग झुंबरबाईकडे, मग तिच्या घराकडे. ते तडक घरी गेले.

त्या दिवशी त्यांच्या घरात काय झालं ते गावाला भिंतीतून ऐकू आलं. प्रेमराजचं म्हणणं चुकीचं नव्हतं. तळं रिकामं केलं तर यंदा उन्हाळी कांदा नाही, म्हणजे वर्षाची मिळकत गेली. आणि कशासाठी, तर ज्या मॅडमने बकरीवरून गाव हलवलं तिच्या सांगण्यावरून. थोडा पाऊस आणखी होऊ दे, मग पाहू. नाना सगळं ऐकून घेत होते. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं की झुंबरबाईचं घर पडलं तर तिला भाकरी कोण नेऊन देणार, तू की मी. प्रेमराज रागाने उठला. तासाभराने तो डिझेलचं छोटं इंजीन खांद्यावर घेऊन वर चढताना दिसला. मागे नाना पाइपाची गुंडाळी घेऊन.

बारा लाख लिटर पाणी उपसायला अडीच दिवस लागले. शेजाऱ्यांनी आणखी एक इंजीन दिलं. पाणी डोंगराच्या पलीकडच्या नाल्यात सोडलं, हिरवं पाणी, जिकडे जाईल तिकडे लोक बघायला यायचे. नाना काठावर बसून होते. रुची शेजारी जाऊन बसली. चेष्टा करायला दोघांनाही काही सुचेना. तळाचा चिखल दिसू लागला तेव्हा नाना म्हणाले की पाणी भरायला आख्खा पावसाळा लागतो, आणि पाइप गुंडाळायला उठले.

तळं रिकामं झालं आणि चौथ्या दिवशी पाऊस सुरू झाला. तो थांबेचना. खुंट्यांमधलं अंतर पहिल्या दिवशी दोन सेंटिमीटरने वाढलं, दुसऱ्या दिवशी तीन, तिसऱ्या दिवशी सकाळी सात. सहाही जोड्यांमध्ये. नानांनी टेप दोनदा लावली, मग रुचीच्या हातात दिली आणि तिला मोजायला लावलं.

आता लोकांना दुसऱ्यांदा घराबाहेर काढायचं होतं. रुची पहिल्या घरी गेली, तिथे तिला चहा मिळाला. दुसऱ्या घरीही चहा मिळाला. तिसऱ्या घरच्या माणसाने अगदी आपुलकीने विचारलं की बकरीची चौकशी केली का. कुणी उद्धट बोललं नाही, कुणी उठलंही नाही. भांडणाऱ्यांशी तिला बोलता आलं असतं. हसणाऱ्या माणसांशी काय बोलावं हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. ती पावसात रस्त्यावर येऊन उभी राहिली आणि तिचे डोळे भरून आले.

तेव्हा झुंबरबाई घरातून बाहेर आली. डोक्यावर गाठोडं, एका हातात देवाचा फोटो, दुसऱ्या हातात बकरीची दोरी. ती एकेका दारासमोर थांबत खाली आली. प्रत्येक ठिकाणी तिने तेच सांगितलं,

"ह्या येळले खुंटी मी उपाडेल नही."

एवढं ऐकल्यावर लोक उठले. हसत उठले, पण उठले. दुपारपर्यंत तेराही घरं रिकामी होती. शालिग्राम साहेबांना रुचीने फोन केला तेव्हा ते म्हणाले की मी येतो, खिचडीचं बघतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला पिंपळनेरकडून एसटी आली. रस्त्याच्या मधोमध झुलाल नाना उभे होते. डोक्यावर पोतं, हातात बांबू, बांबूला बायकोची लाल साडी. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. नाना हलले नाहीत. ड्रायव्हर खाली उतरला. नानांनी त्याच्याशी अहिराणी बोलायचं कटाक्षाने टाळलं.

"गाडी पुढे जाणार नाही, साहेब. रस्ता बंद आहे."

ड्रायव्हरला रस्ता पुढे स्वच्छ दिसत होता. त्याने विचारलं की तुम्ही कोण. नाना म्हणाले, मुकादम. ते सात वर्षांपूर्वी निवृत्त झालेत हे बसमधल्या दोघा-तिघांना माहीत होतं आणि त्यांनी ते मोठ्याने सांगितलंही. पाऊण तास वाद चालला. एका प्रवाशाला कोर्टाची तारीख होती, एका बाईला बहिणीकडे बाळंतपणाला पोचायचं होतं. मागे चार पिकअप थांबल्या. नाना कुणाला उत्तर देत नव्हते, साडी हलवत होते. रुची त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. दोघं मिळून अधिकृत वाटतील असं तिला वाटलं होतं. ती चिखलाने इतकी माखली होती की तसं काही झालं नाही.

सव्वाअकराला डोंगरातून मोठा ट्रक उलटल्यासारखा आवाज आला. झाडं आधी हलली. सागाची रांग उभीच्या उभी खाली सरकली, आणि मग तिच्या पायाखालची तांबडी माती फाटून बाहेर आली. झुंबरबाईचं घर क्षणभर तसंच दिसलं, मग दिसेनासं झालं. माती रस्त्यावर आली, रस्ता ओलांडून खालच्या शेतात गेली, विजेचे दोन खांब घेऊन गेली, आणि बसच्या पुढे शंभर पावलांवर थांबली. नंतर बराच वेळ फक्त पावसाचा आवाज होता. ड्रायव्हर नानांकडे बघत होता. त्याने खिशातून बिड्यांचं बंडल काढून नानांपुढे धरलं. नानांनी एक बिडी घेतली, पण साडीचा बांबू काही सोडला नाही, तेव्हा ती पेटवावीही त्यालाच लागली.

माणूस एकही गेला नाही. झुंबरबाईचं घर पूर्ण गेलं, आणखी चार घरांच्या मागच्या भिंती गेल्या. रस्ता साठ मीटर गाडला गेला आणि सहा दिवस बंद राहिला. रुचीने वळशाचा जो हिशेब मांडला होता तो खऱ्या आकड्याच्या बराच जवळ निघाला. त्याचा तिला आनंद झाला, आणि आनंद झाल्याची लाजही वाटली.

तळं भरलेलं असतं तर काय झालं असतं, हे तिला बऱ्याच जणांनी विचारलं. जास्त माती आली असती, कदाचित ओढा ओलांडून शाळेपर्यंत. कदाचित दोन दिवस आधी आली असती, लोक घरात असताना. कदाचित काहीच फरक पडला नसता. ती प्रत्येकाला हे तिन्ही सांगायची. लोकांना यातलं एकच उत्तर हवं असायचं.

पंचनाम्याला शालिग्राम साहेब स्वतः आले. घरं लिहिली, खांब लिहिले, गोठा लिहिला. रुची म्हणाली, झुलाल नानांचा कांदा लिहा. साहेबांनी विचारलं की कांदा कुठे पडला. कांदा लावलेलाच नव्हता, तो जानेवारीत लावायचा होता, आणि त्याचं पाणी नानांनी स्वतःच्या हाताने सोडून दिलं होतं. दरडीने नेलेलं लिहायला रकाना होता. दरड येऊ नये म्हणून कोणी काय सोडलं ते लिहायला नव्हता. साहेबांनी पेन खाली ठेवून थोडा विचार केला. पंचनाम्यात बसणार नाही, तुमच्या अहवालात वेगळं पान जोडा, त्यावर मी सही करतो, असं ते म्हणाले. रुचीने पान जोडलं. संस्थेने ते काढलं नाही. पण त्यातून नानांच्या हाती काही आलं नाही. प्रेमराजने त्या वर्षी थोडा हरभरा केला आणि उरलेले महिने पिकअप चालवली. झुंबरबाई शाळेमागच्या खोलीत राहायला गेली. पुढे घरकुल मंजूर झालं ते टेकाडावर. तिथे बकरीला चारा कमी आहे अशी तिची तक्रार होती.

फेब्रुवारीत धुळ्याला रस्त्यांच्या नव्या अभियंत्यांचं प्रशिक्षण होतं. घाटातल्या दरडींवर रुचीला बोलायचं होतं, आणि तिने नानांनाही बोलवायला लावलं. नाना इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले. दाराशी त्यांनी तिला विचारलं की काय बोलू. ती म्हणाली, कललेल्या झाडांचं सांगा, डोंगर कसा ओळखायचा ते सांगा. तुम्हाला माहीत आहे ते सगळं सांगा.

नाना माइकपुढे उभे राहिले. समोर साठ-सत्तर तरुण माणसं वह्या उघडून बसली होती. नानांनी सागाबद्दल सांगितलं, बाभळीबद्दल सांगितलं. लोक लिहून घेत होते. मग ते थांबले. त्यांनी एकदा रुचीकडे पाहिलं.

"तळं माझं होतं," ते म्हणाले. "कागद फाटलेला होता. मला माहीत होतं आणि मी या ताईला महिनाभर दुसऱ्या वाटेने फिरवलं."

लिहिणारे हात थांबले. पुढच्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं, का फिरवलं. नाना म्हणाले, एकतीस वर्षं मी दुसऱ्याचे दगड मोजले. आपला दगड मोजायची सवय नव्हती. मग त्यांनी तळ्याची लांबी, रुंदी, खोली, पाणी रोज किती बोटं उतरत होतं, सगळं नीट सांगितलं, आणि ते लिहून घ्या म्हणाले. सगळ्यांनी लिहून घेतलं. नंतर प्रश्न इतके आले की जेवणाची सुट्टी वीस मिनिटं पुढे गेली.